जांघेतली लाली: ट्यूब मागण्याआधी

आमचं औषधाचं दुकान कोकणात, बंदराकडे जाणाऱ्या रस्त्यावर आहे. पावसाळ्यात दुपारच्या वेळी एक ठरावीक प्रकार घडतो. कुणीतरी पुरुष येतो, आत बाईमाणूस असलं तर छत्री झटकत बाहेरच रेंगाळतो. दुकान रिकामं झालं की काउंटरवर कोपर टेकून हळूच म्हणतो, "माका ती खाजेची टूब दी मरे." कुठली, असं विचारलं की उत्तर येतं, "मागल्या खेपेक नेललंय तीच."

खाज कुठे आहे ते तो सांगत नाही आणि दुकानदार विचारत नाही. सुरुवातीची काही वर्षं मीही विचारत नव्हतो. ट्यूब द्यायची, पैसे घ्यायचे. त्यातल्या कित्येक ट्यूबांत स्टिरॉइड असायचं, आणि तीच माणसं तीन महिन्यांनी दुप्पट चट्टा घेऊन परत येतात हे माझ्या ध्यानात यायला उशीर लागला. जांघेत, अंडकोशावर किंवा लिंगाच्या टोकाला लाली, खाज, आग पहिल्यांदाच सुरू झाली असेल तर दुकानाची पायरी चढण्याआधी काय करायचं, ते इथे क्रमाने लिहितो. मी फार्मासिस्ट आहे, डॉक्टर नाही. निदान डॉक्टरच करतील, पण त्यांच्यापुढे बसेपर्यंत दुखणं बिघडवून न ठेवणं आपल्या हातात असतं.

एक भीती आधी बाजूला काढू. खाली लाली दिसली की लग्न न झालेला पोरगा गुप्तरोगाच्या धास्तीने झोपत नाही, आणि लग्न झालेला बायकोकडे संशयाने बघायला लागतो. आपल्याकडच्या दमट हवेत या जागेच्या लालीमागे बहुतेक वेळा घाम, ओल, घर्षण, बुरशी नाहीतर साबण असतो. संसर्गाने होणारे आजारही आहेत, त्यांच्याबद्दल खाली लिहिलंय.

पहिली पायरी: लावलेलं सगळं थांबवा

खाज सुटली की माणूस स्वस्थ बसत नाही. जंतुनाशकाचं पाणी, तुरटी, लिंबू, रॉकेल, तंबाखूचं पाणी, पोरांच्या अंगाला लावायची सुगंधी पावडर, आणि शेवटी शेजाऱ्याकडची अर्धी उरलेली ट्यूब. यातलं काय काय लावलं ते आठवून कागदावर लिहा आणि सगळं बंद करा. डॉक्टर तुम्हाला पहिला प्रश्न हाच विचारणार आहेत.

या भागाची कातडी पातळ असते. १९६७ मध्ये फेल्डमन आणि मायबाख या दोघांनी शरीराच्या वेगवेगळ्या भागांवर हायड्रोकॉर्टिझोन हे स्टिरॉइड लावून ते किती शोषलं जातं ते मोजलं. हाताच्या पुढच्या भागाच्या तुलनेत अंडकोशाच्या कातडीतून ते सुमारे ४२ पट जास्त आत गेलं. हातावर लावल्यावर काही झालं नाही, म्हणून इथेही चालेल, हा हिशेब त्यामुळेच फसतो. औषध जितकं आत जातं तितकीच जळजळ करणारी वस्तूही जाते.

टाकळ्याचं बी वाटून गजकर्णावर लावायची आपल्याकडे जुनी चाल आहे. मी टाकळ्याच्या विरोधात नाही. पहिल्या पावसानंतरची कोवळी भाजी मला फार आवडते. पण बियांचा लेप जांघेत लावून सोललेली कातडी घेऊन आलेले लोक मी पाहिलेत, तेव्हा टाकळा ताटातच राहू द्या.

दुसरी पायरी: धुणं आणि कोरडं करणं

साध्या कोमट पाण्याने दिवसातून एकदा, फार घाम आला तर दोनदा धुवा. लाल झालेल्या जागेवर साबण नको. अंगाला लावलेल्या साबणाचा फेस तिथून ओघळला तर लगेच पाण्याने काढून टाका. पुढची कातडी सहज मागे जात असेल तर मागे घेऊन आतला पांढरा मळ पाण्यानेच धुवायचा, टिपून कोरडं करायचं आणि कातडी आठवणीने पुन्हा पुढे आणायची. ती मागेच राहून गेली तर टोकाला आवळून बसते आणि सूज चढते. कातडी जात नसेल तर ओढाताण करू नका. लहान मुलांच्या बाबतीत तर मुळीच नाही, कारण त्यांची कातडी चिकटलेली असणं नैसर्गिक आहे आणि वयाबरोबर ती आपोआप सुटते.

टोकाला आग होत असेल तर मिठाच्या पाण्याने आराम पडतो. लिटरभर पाणी उकळून कोमट होऊ द्यायचं, त्यात साधारण दीड चहाचा चमचा मीठ विरघळवायचं आणि पाचेक मिनिटं त्यात जागा भिजवायची. यावर आमच्याकडचा एखादा खलाशी हमखास म्हणतो, मी तर रोजच समुद्रात असतो! समुद्राच्या एका लिटर पाण्यात साधारण ३५ ग्रॅम मीठ असतं, वर सांगितलेल्या पाण्यात ९ ग्रॅमच्या आसपास. चौपट खारं पाणी अंगावर सुकलं की मिठाचे कण चड्डीच्या शिवणीखाली सँडपेपरासारखे घासतात. होडीवर गोडं पाणी जपून वापरावं लागतं हे खरं, पण बाकी अंगाला नाही मिळालं तरी जांघेपुरतं तांब्याभर ठेवाच.

पुसताना घासायचं नाही, सुती पंच्याने टिपायचं. मग पाच मिनिटं पंख्याखाली मोकळं बसायचं. आमचे आजोबा आंघोळीनंतर नुसता पंचा गुंडाळून ओटीवर बसत. ते का, हे मला दुकानात बसायला लागल्यावर कळलं.

तिसरी पायरी: उजेडात बघा

आपली न्हाणीघरं काळोखी असतात, तिथे नीट काही दिसत नाही. दिवसाउजेडी खिडकीपाशी, दार लावून, हातात छोटा आरसा घेऊन बघा. लाली कुठे आहे आणि तिची कड कशी आहे, या दोन गोष्टींवरून पुष्कळ कळतं.

मांडी आणि अंडकोश यांच्यामधल्या घडीत, दोन्ही बाजूंना, लाल-तपकिरी चट्टा असेल, त्याची बाहेरची कड उंच आणि खवलेदार असेल, मधला भाग निवल्यासारखा दिसत असेल आणि तो आतल्या मांडीवर किंवा मागे पसरत असेल, तर ते बहुधा गजकर्ण. घाटावर याला नायटा म्हणतात, हिंदी ऐकून आलेले दाद म्हणतात. त्याची एक खूण म्हणजे अंडकोश आणि लिंग बहुतेक वेळा मोकळं सुटतं. अशा माणसाला मी पाय दाखवायला सांगतो. पावसात बोटांच्या बेचक्यांत चिखल्या झालेल्या असतात, आणि तीच बुरशी पायांतून चड्डी वर ओढताना किंवा एकाच टॉवेलने जांघेत पोचते. चिखल्यांवर उपचार केला नाही तर जांघ बरी होऊन परत उठते.

घडीतच ओलसर, चकचकीत लाली असेल, उंच कड नसेल, जागा चिरल्यासारखी झोंबत असेल, तर तो घाम आणि घर्षणाचा त्रास. अंगाने जड माणसांना आणि पावसात रेनकोटची पँट घालून दुचाकी चालवणाऱ्यांना जास्त होतो. कोरडं ठेवून काही दिवसांत निवतो. अशा घासलेल्या पण बुरशी नसलेल्या जागी खोबरेल तेल किंवा व्हॅसलीनचा पातळ हात चालतो. मुठेल, म्हणजे कोकमाचं तेल, भेगाळलेल्या टाचांना उत्तम, पण गजकर्णावर कोणतंही तेल-तूप चोळू नये. ओल आत कोंडते.

लिंगाच्या टोकाला आणि पुढच्या कातडीच्या आत लाली, बारीक लाल ठिपके, दह्याच्या कण्यांसारखा पांढरा थर, कातडीच्या कडेला उभ्या चिरा, लघवीचे थेंब लागले की आग, हे चित्र कँडिडा नावाच्या बुरशीचं. इथे मी ट्यूबच्या आधी रक्तातल्या साखरेचं विचारतो. मधुमेह आहे हे माहीतच नसलेल्या कित्येक माणसांना पहिला इशारा इथून मिळतो. लघवीतून साखर जाते आणि बुरशीला आयतं खाद्य मिळतं. उपाशीपोटी साखर १२६ किंवा त्याहून जास्त, किंवा एचबीएवनसी (मागच्या तीनेक महिन्यांतली सरासरी साखर दाखवणारी तपासणी) ६.५ किंवा त्याहून जास्त आली तर तो मधुमेह समजतात. खात्रीसाठी डॉक्टर तपासणी पुन्हा करून घेतात.

आणि मधुमेहाचं औषध आधीपासून चालू असेल तर पाकीट घेऊन बसा. नावाच्या शेवटी 'ग्लिफ्लोझिन' आहे का? डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन या गोळ्या मुद्दामच साखर लघवीवाटे बाहेर काढतात. हृदयाला आणि मूत्रपिंडाला त्यांचा फायदा आहे, पण टोकाला बुरशी होणं हा त्यांचा ठाऊक असलेला त्रास आहे. डापाग्लिफ्लोझिनचं पेटंट भारतात २०२० मध्ये संपलं, गोळी स्वस्त झाली, आणि माझ्या काउंटरवर या तक्रारी वाढल्या. गोळी स्वतःहून बंद करू नका. लिहून देणाऱ्या डॉक्टरांना सांगा, आणि लघवीनंतर टोक पाण्याने धुऊन टिपायची सवय लावा.

अंडकोशावर आणि लिंगावर मसुराएवढ्या कडक, खाजऱ्या गाठी, रात्री अंथरुणात शिरल्यावर वाढणारी खाज, बोटांच्या बेचक्यांत आणि बेंबीभोवतीही पुरळ, घरात आणखी कुणी खाजवतंय? ती खरूज. परमेथ्रिनचं ५ टक्क्यांचं मलम मानेपासून पायाच्या तळव्यांपर्यंत रात्रभर लावायचं असतं, आठवड्याने पुन्हा, आणि घरातल्या सगळ्यांनी एकाच रात्री. एकट्याने लावलं की पंधरवड्यात परत. होडीवर एकमेकांच्या वाकळा वापरणाऱ्या खलाशांत मी हे फार पाहतो. तिथे पूर्ण होडीच्या माणसांनी एकदम उपचार घ्यावा लागतो.

काही गोष्टी आजारच नसतात. टोकाच्या कडेने ओळीने असलेले बारीक मोत्यांसारखे दाणे, कातडीखाली दिसणारे पिवळसर ठिपके हे कित्येक निरोगी पुरुषांना असतात. ते खाजत नाहीत. त्यांना नखाने टोकरून खाजरे करू नका, म्हणजे झालं.

चौथी पायरी: मागचे दोन-तीन दिवस आठवा

कोकणात राहणाऱ्याने हा भाग सोडून चालणार नाही, कारण शहरातल्या डॉक्टरला हे सुचेलच असं नाही.

फेब्रुवारी-मार्चमध्ये ओल्या काजूगरांचे दिवस येतात. हिरवी बी चिरताना टरफलातलं तेल बोटांना लागतं, बोटांची सालं निघतात, हे घरोघर माहीत आहे. पण तोच हात लघवीला जाताना कुठे लागतो, हे कुणी ध्यानात घेत नाही. बोटांची कातडी जाड, ती थोडक्यात निभावते. खालची कातडी पातळ, ती सुजते, लाल होते, फोड येतात. त्रास लगेच होत नाही. अर्ध्या दिवसाने, कधी दोन दिवसांनी होतो, म्हणून काजूशी संबंध जोडलाच जात नाही. आंब्याचा चीकही त्याच जातकुळीचा. काजू, आंबा आणि बिब्बा ही एकाच कुळातली झाडं. मे महिन्यात देठ तोडताना उडालेला चीक, घळ (आंबे उतरवायची जाळीची काठी) हाताळणारे हात, आणि मग धोतराची किंवा चड्डीची नाडी. उपाय अगदी सोपा आहे. या कामात असताना लघवीनंतर हात धुतो तसे लघवीच्या आधीही साबणाने धुवायचे. काजू फोडणाऱ्या बाया हाताला तेल चोळून बसतात, तसं पुरुषांनीही करावं. मिरच्या कुटलेल्या हातांनाही हाच नियम. (हे वाचून हसू येत असेल तर तुम्ही कधी मिरचीच्या हाताने गेला नाहीत.)

चड्डी कुंपणावर वाळत घातली होती का? सुरवंटाचे केस कपड्यात अडकतात. रानात गेला असाल तर खाजकुयलीची लव. अशा वेळी चोळू नका. चिकटपट्टी लावून केस ओढून काढा, मग पाण्याने धुवा आणि कपडे बदला.

गोळ्या कोणत्या घेतल्या? हा प्रश्न दुकानदार म्हणून माझ्या फार जिव्हाळ्याचा आहे. काही लोकांना ठरावीक औषधाने दरवेळी एकाच ठिकाणी, बहुतेकदा लिंगाच्या टोकाला, गोल लालसर-जांभळा डाग उठतो. आग होते, कधी फोड येतो, मग निवून काळपट डाग राहतो. पुढच्या वेळी तीच गोळी घेतली की काही तासांत त्याच जागी पुन्हा. दुखण्याच्या गोळ्या, सल्फाची औषधं, जुलाबावरच्या ऑर्निडाझोलसारख्या गोळ्या, डॉक्सिसायक्लिन, यांनी असं होऊ शकतं. भातलावणीच्या दिवसांत लेप्टो (लेप्टोस्पायरोसिस हा ताप) होऊ नये म्हणून आरोग्य खात्याकडून डॉक्सिसायक्लिनच्या गोळ्या मिळतात. त्या घ्याव्यातच. लेप्टोने माणसं दगावतात. पण गोळी घेतल्यावर असा डाग उठला तर आरोग्यसेवकाला सांगून दुसरी सोय विचारा. औषधाचं नाव एका चिठ्ठीवर लिहून पाकिटात ठेवा आणि कुठल्याही डॉक्टरकडे गेलात की आधी ती चिठ्ठी दाखवा. असा डाग आमच्याकडचे कित्येक जण गुप्तरोग समजून महिनोन् महिने मनातल्या मनात भोगतात, आणि मूळ असतं डोकेदुखीच्या एका गोळीत.

रानात, गोठ्यात वावर असेल तर जांघेत गोचीड चिकटलेली आहे का ते चाचपा. तिला घडीची उबदार जागा आवडते. चिमट्याने कातडीजवळ धरून सरळ वर ओढून काढायची. रॉकेल टाकायचं नाही, काडी लावायची नाही. सिंधुदुर्गात दोडामार्गच्या बाजूला २०१६ मध्ये माकडतापाची साथ आली, ती गोचिडीतूनच पसरते. आणि ताप असताना जांघेत किंवा अंडकोशावर सिगारेटचा चटका दिल्यासारखी काळी, न दुखणारी खपली दिसली तर ती लाज न धरता डॉक्टरांना दाखवा. झुडपांतल्या बारीक किड्यांच्या चाव्याने होणाऱ्या स्क्रब टायफस या तापाची ती खूण असते. ती दिसली नाही की तापाचं नाव सापडायला दिवस जातात, आणि या तापात दिवस घालवून चालत नाही.

पाचवी पायरी: ट्यूबवरचं वाचा

मागल्या खेपेला नेलेल्या त्या ट्यूबकडे आता येतो. खोका हातात घ्या आणि बारीक अक्षरातली घटकांची ओळ वाचा. क्लोबेटासोल, बीटामेथासोन, बेक्लोमेथासोन, मोमेटासोन, फ्लुओसिनोलोन यांपैकी काही दिसलं तर ते स्टिरॉइड. बुरशीचं औषध, जंतूंचं औषध आणि स्टिरॉइड एकाच ट्यूबमध्ये घालून विकली जाणारी मिश्रणं आपल्याकडे ढिगाने आहेत. दोन दिवसांत खाज थांबते, म्हणून लोकांना ती रामबाण वाटतात. खाज थांबते ती कातडीची प्रतिकाराची ताकद दाबल्यामुळे. बुरशी खालून पसरत राहते, गोल कड नाहीशी होते, डॉक्टरलाही ओळखायला अवघड जातं. लावणं थांबवलं की दुप्पट जोराने उसळी. वर्षभर लावणाऱ्यांच्या जांघेत गरोदरपणानंतर पोटावर दिसतात तशा रेघा पडतात, त्या पुन्हा जात नाहीत. काहींचा अंडकोश कायमचा लाल होऊन जळजळत राहतो.

२०१८ मध्ये केंद्र सरकारने १४ स्टिरॉइड मलमांची सूट काढून ती शेड्यूल एच मध्ये घातली, म्हणजे डॉक्टरांच्या चिठ्ठीशिवाय विकायची नाहीत. नियम आहे. काउंटरवर काय चालतं ते तुम्हालाही ठाऊक आहे, मलाही. माझ्याकडे मागितली तर मी देत नाही, आणि त्यापायी चार गिऱ्हाईकं पुढच्या दुकानात गेली.

दुसरी भानगड बुरशीचीच आहे. भारतात पसरलेल्या गजकर्णाच्या एका चिवट बुरशीला २०२० मध्ये ट्रायकोफायटॉन इंडोटिनी हे वेगळं नाव मिळालं. टर्बिनाफिन या नेहमीच्या औषधाला ती कित्येकदा दाद देत नाही. वडिलांचं गजकर्ण पंधरा दिवसांत गेलं होतं, माझं दोन महिने का जात नाही, याचं एक उत्तर हे आहे.

स्टिरॉइड नसलेलं साधं क्लोट्रिमाझोल १ टक्का हे सुरुवातीला पुरेसं धरायला हरकत नाही. टोकाच्या कँडिडासाठी दिवसातून दोनदा, आठवडा ते दोन आठवडे. या मलमाने रबराचा कंडोम कमकुवत होऊ शकतो, तेव्हा उपचार चालू असताना संबंध टाळलेले बरे. बायकोलाही खाज किंवा अंगावरून पांढरं जात असेल तर तिनेही दाखवून घ्यावं. गजकर्णासाठी दिवसातून दोनदा, चट्ट्यावर आणि त्याच्या कडेबाहेर दोन बोटं रुंदीपर्यंत, पातळ थर. चट्टा दिसेनासा झाल्यावरही आणखी दोन आठवडे. बहुतेक लोक इथेच फसतात. खाज गेली की ट्यूब फळीवर आणि बुरशी कातडीत. लावल्यावर हात धुवायचे. दोन आठवड्यांत काहीच फरक नसेल, चट्टा मोठा असेल किंवा आधी स्टिरॉइड लावलं असेल, तर दुकानाच्या नादी लागू नका. पोटातून गोळ्या लागतात आणि त्या डॉक्टरांनीच ठरवायच्या.

कपड्यांचं

चार महिन्यांत तीन हजार मिलिमीटरच्या घरात पाऊस पडतो तिथे चड्डी वाळणं हाच मोठा प्रश्न. पडवीतल्या दांडीवर दोन दिवस लोंबकळून ती कोरडी दिसते, हाताला गार लागते, आणि गार लागली म्हणजे ती ओली आहे. इस्त्री हा यावरचा खरा उपाय. शिवण आणि इलॅस्टिकची पट्टी दाबून गरम इस्त्री फिरवली की ओलही जाते आणि बुरशीचाही बंदोबस्त होतो. वीज गेलेली असेल तर चुलीच्या उबेवर, पण धुरात नको. जास्तीच्या तीन-चार सैल सुती चड्ड्या मे महिन्यातच घेऊन ठेवा. नायलॉनच्या घट्ट नकोत, जीन्स पावसात नकोच. साबणाची पावडर कमी घाला आणि दोनदा खळबळून काढा. शिवणीत राहिलेली पावडर घामात विरघळून दिवसभर झोंबते. टॉवेल प्रत्येकाचा वेगळा. पाय शेवटी, वेगळ्या फडक्याने पुसायचे.

केस काढायची गरज नाही. फार वाढले तर कात्रीने कापा. केस काढायच्या क्रीमने भाजून आलेली पोरं लग्नसराईत हमखास येतात.

कधी थांबायचं नाही

अंडकोशात अचानक भयंकर कळ आली, तर कारण शोधत बसू नका, तडक मोठ्या दवाखान्यात जा. अंड पिळवटलं असेल तर ते वाचवायला साधारण सहा तास असतात. मागे गेलेली कातडी पुढे येत नाही आणि टोक सुजतंय, हेही त्याच दिवसाचं काम. मधुमेही माणसाला या भागात झपाट्याने पसरणारी लाली, लालीच्या मानाने फारच जास्त दुखणं, ताप, कातडी काळी पडणं, घाण वास, यांतलं काही असेल तर १०८ ला फोन करा. रात्र काढायची नाही.

घाईचं नाही पण टाळायचंही नाही असं काही: पाण्याने भरलेल्या बारीक फोडांचा घोस, न दुखणारी कडक जखम, लघवीच्या वाटेने पू, जांघेत गाठी. हे संसर्गाने होणारे आजार असू शकतात. सिफिलिसची जखम न दुखता आपोआप बुजते, आणि म्हणूनच ती फसवते; आजार आत चालूच राहतो. सरकारी रुग्णालयांत यासाठी सुरक्षा क्लिनिक असतात, तपासणी आणि औषध मोफत मिळतं. कुठे जायचं ते १०९७ या मोफत क्रमांकावर विचारता येतं, नाव सांगावं लागत नाही. आणि पुढच्या कातडीखाली चार आठवडे न भरणारी जखम, घट्ट लाल चट्टा किंवा गाठ असेल, कातडी पांढरी पडून आवळत चालली असेल, तर त्वचारोगतज्ज्ञ किंवा सर्जनला दाखवाच. क्वचित का होईना, तिथे कर्करोग असतो.

डॉक्टरांपुढे

तालुक्याला त्वचेचे डॉक्टर आठवड्यातून एकदा येतात, तोवर ई-संजीवनीवरून सरकारी डॉक्टरांशी फोनवर बोलता येतं. जाण्याच्या दिवशी सकाळी मलम लावू नका. चट्ट्याची कड खरवडून सूक्ष्मदर्शकाखाली बघायची असेल तर मलमाने घोळ होतो. वापरलेल्या सगळ्या ट्यूबा, रिकाम्यासुद्धा, पिशवीत घालून न्या. खालच्या जागी काहीतरी झालंय, इतकं बोलून गप्प बसू नका. किती दिवस, कुठून सुरू झालं, रात्री वाढतं का, घरात कुणाला आहे का, कोणत्या गोळ्या चालू आहेत, काजू-आंब्याचं काम केलं का, एवढं सांगा. बाहेर संबंध आला असेल तर तेही. डॉक्टरांनी बघायला मागितलं तर दाखवा. न बघता चिठ्ठी लिहून देत असतील तर बघा म्हणून सांगा.

आमच्या दुकानात हल्ली औषधांच्या कपाटामागे एक स्टूल ठेवलंय. कुणी छत्री झटकत बाहेर रेंगाळायला लागलं की मी विचारतो, "काका, आत बसतास?" बहुतेक जण बसतात.